चाळीस अंशांचा खांदा

मी काय काम करतो असं कुणी विचारलं, की माझी बायको माधवी पाहुण्यांना चहा विचारते. चहा नुकताच झालेला असला तरी विचारते.

तिचा दोष नाही. आइंडहोवनमध्ये आमच्या ओळखीचे मराठी लोक एक तर चिपच्या मशीनवर काम करतात, नाहीतर कुठल्यातरी बँकेच्या सॉफ्टवेअरवर. माधवी दुसऱ्या प्रकारातली. तिला इथे नोकरी लागली आणि तिच्या परमिटचं शेपूट धरून मी आलो. मी शहराबाहेरच्या एका खेड्यात, बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कामाला आहे. हे वाक्य गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उच्चारून पाहा. पुढचा माणूस मागे वळतो, मागचा एक पाऊल मागे सरकतो आणि तिसरा आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे त्यांचा डेटा वगैरे बघता का?"

नाही. मी चेंबर कापतो.

सासूबाईंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. पुण्यात त्या सांगतात, "जावई पितळेचं काम करतात." यात खोटं काही नाही. फक्त त्यामुळे त्यांच्या सोसायटीतल्या दोन बायकांनी माझ्याकडे समया मागितल्या आहेत.

तर आधी पितळेबद्दल सांगतो. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. पुंगळीला अंग असतं, खांदा असतो, मान असते आणि तोंड असतं. बाटलीसारखी दिसते. गोळी सुटून जाते, दारू जळून जाते, पुंगळी मात्र राहते आणि पुन्हा भरता येते. इथले नेमबाज त्या जपून ठेवतात. त्यांना परवाना लागतो, बंदुकीला लोखंडी कपाट लागतं, काडतुसांना वेगळं कपाट लागतं आणि पोलीस घरी येऊन दोन्ही कपाटं पाहून जातात. पुंगळ्या भरायच्या तर त्याचीही वेगळी नोंद लागते. हे वाचून कुणाला घरी काही करून बघण्याची इच्छा झाली तर त्यांनी आधी पोलिसांकडे जावं. दारूची मापं मी इथे देणार नाही.

आता काही नेमबाजांना कारखान्याचं काडतूस पसंत पडत नाही. बाजारचा मसाला आणून त्यात आपलं तिखट घालणारी माणसं असतात ना, तशी ही जात. त्यांना वाटतं, पुंगळीचं अंग जरा कमी निमुळतं असतं, खांदा जरा जास्त आडवा असता, तर आत दारू थोडी जास्त मावली असती आणि पितळ लांबायचं थोडं कमी झालं असतं. मग ते स्वतःचं काडतूस आखतात. अशा काडतुसाला वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. कुठल्याही कारखान्याने न पाळलेलं.

पण पुंगळीला नवा आकार द्यायचा कसा? ठोकून देता येत नाही. म्हणून रायफलीचं चेंबर, म्हणजे पुंगळी जिथे बसते तो नळीतला भाग, नव्या आकाराचं कापायचं. त्यात जुन्या आकाराची पुंगळी घालून बार काढायचा. आतल्या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला जाऊन चिकटतं. पुरी फुगते तसंच. फरक इतकाच की पुरी लगेच बसते. पितळ केसभर मागे येतं आणि तसंच राहतं. जुनी पुंगळी आत गेली, नवी बाहेर आली. याला फायरफॉर्मिंग म्हणतात.

मी पुण्यात, भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेज, म्हणजे माप तपासायचे पोलादी नमुने, बनवायचो. इथे आल्यावर वर्षभर घरी बसलो, डच शिकलो, डबे भरले. मग विमची जाहिरात दिसली. विम म्हणजे माझा मालक. साठी ओलांडलेला, दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारा आणि शब्द मोजून वापरणारा माणूस. मुलाखतीत त्याने माझ्या हातात एक पोलादी पिन ठेवली आणि मायक्रोमीटर पुढे सरकवला.

"व्यास किती?"

मी विचारलं, "खोलीचं तापमान किती आहे?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सोमवारी ये."

पण चेंबरला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही. मी मोजायचो, साफ करायचो, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा अडसर, घासायचो. चेंबर तो स्वतः कापायचा. रीमर, म्हणजे चेंबर कोरणारं धारदार हत्यार, नळीत फिरताना हाताला काय लागतं यावर ते काम चालतं आणि तो हात आपलाच असला पाहिजे असं त्याचं मत होतं. मग त्याचं कोपर दुखायला लागलं. आधी फिजिओ झाला, मग इंजेक्शन झालं, मग एके दिवशी तो लेथपाशी उभा राहून म्हणाला, "हेन्कचं काम तू कर. नळी, चेंबर, पुंगळ्या, सगळं. नीट झालं तर पुढची चेंबरं तुझी."

"आणि नाही झालं तर?"

"सीमेपलीकडे जर्मनीत एक जण आहे. त्याच्याकडे पाठवीन. तू मोजत बस."

मी पन्नाशीला आलो होतो. मोजत बसण्यात मला कमीपणा वाटत नाही, जन्म त्यातच गेला. पण दुसऱ्याने कापलेलं मोजायचं आणि आपण कापलेलं दुसऱ्याला मोजू द्यायचं, यातला फरक टूलरूममधल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मला ते चेंबर हवं होतं.

आता हेन्क. हेन्क म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांमधला सगळ्यात कटकट्या. निवृत्त गवळी. गाई विकल्या, गोठा भाड्याने दिला आणि सगळा उरलेला उत्साह एका रानमांजरावर लावला. युरोपात एकेकाळी चालणारं, आता बनायचं जवळजवळ बंद झालेलं एक जुनं काडतूस घेऊन त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचा खांदा चाळीस अंशांचा करून टाकला. रीमर स्वतःच्या आकृतीबरहुकूम करून आणला. कोऱ्या पुंगळ्या त्याच्याकडे मोजून साठ होत्या आणि आणखी कुठे मिळतील याचा त्याला भरवसा नव्हता.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर पीटसाठी. पीट म्हणजे हेन्कचा मेहुणा, बायकोचा भाऊ. एकाच क्लबात दोघे. पीट दुकानातली काडतुसं आणतो, खोक्यातून काढतो, आणि क्लबाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत दर वर्षी हेन्कच्या पुढे येतो. आल्यावर रात्रीच्या जेवणाला बहिणीकडे जातो. म्हणजे हेन्ककडेच.

"वरून दोनदा वाढून घेतो," हेन्कने मला सांगितलं.

चेंबर मी सावकाश कापलं. या प्रकारात एक मेख असते. नुसता नवा रीमर जुन्या चेंबरात फिरवला तर खांदा जागचा हलतो, पुंगळी आत सैल बसते आणि बार काढला की बुडाजवळ ताणते. बाहेरून दिसत नाही, फक्त एक चकचकीत कडी उमटते. पुढे कधीतरी तिथेच तुटते. म्हणून नळी आधी मागून थोडी कापून मागे घ्यायची, मग रीमर घालायचा आणि जुन्या काडतुसाच्या गेजपेक्षा चेंबर मिलिमीटरच्या दहाव्या भागाने आखूड ठेवायचं. मग कोरी पुंगळी घालून बोल्ट मिटताना हाताला किंचित अडतं. ते किंचित अडणं म्हणजे सगळं काम. जुनं गेज घातलं तर बोल्ट मिटताच कामा नये. माझ्या चेंबरात कोरी पुंगळी किंचित अडली आणि जुनं गेज घातल्यावर बोल्ट मिटला नाही. विमने स्वतः तपासलं, "हं" म्हणाला. विमचं "हं" म्हणजे आपल्याकडची शाल आणि श्रीफळ.

उरल्या पुंगळ्या. आता साठ पुंगळ्यांना आकार द्यायला साठ गोळ्या घालवायच्या आणि नळी तेवढी झिजवायची, हे हेन्कला मान्य नव्हतं. म्हणून दुसरी पद्धत. गोळी नाहीच. थोडी दारू, वर रवा आणि तोंडाला मेणाचं बूच. रवा मागून येणारा दाब अडवून धरतो, तेवढ्यात पितळ फुगून घेतं. समोर वाळूने भरलेली पेटी. खोटं वाटेल, पण जगभर हे असंच करतात. तिकडे अमेरिकेत न्याहारीच्या खिरीची पूड वापरतात, विम गावातल्या सुपरमार्केटमधला ग्रिसमेल वापरायचा. ग्रिसमेल म्हणजे रवाच. पण त्यात दाणे लहानमोठे. मी इंडियन दुकानातला बारीक रवा आणून चाळला, कोरडा केला आणि तो एकसारखा पडतो हे विमला दाखवलं. वर्कशॉपची भिंत ओलसर, म्हणून तो रवा मी घरी ओट्यावर निळ्या झाकणाच्या बरणीत ठेवायचो आणि लागेल तेव्हा न्यायचो. माधवीला माहीत होतं. तिचा शिऱ्याचा रवा वेगळ्या डब्यात असे. याबाबतीत आमच्या घरात पूर्ण शिस्त होती.

त्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या.

पुंगळ्यांच्या दिवशी मी बरणी पिशवीत घातली, सायकल मारत गेलो. हवा गोठलेली, वर्कशॉप गार. रवा नरसाळ्यातून नीट पडेना. टिचक्या मारल्या की ढेकूळ पडायचं. दाण्यांचा रंगही जरा बदललेला वाटला, पण आमचा दिवा पिवळा आहे. हवेतलं बाष्प, म्हटलं. या देशात काहीही बिघडलं की मी बाष्पाला धरतो आणि सहसा बरोबर असतो. सांडलेले दाणे बोटांनी पुसले, पुंगळी चेंबरात घातली, बोल्ट किंचित अडला, कानांवर मफ चढवले, बार काढला.

पुंगळी बाहेर काढली. अंग सरळ झालेलं, खांदा छान आडवा. आणि खांद्यावर बरोबर मधे एक खळी. गालाला पडते तशी.

दुसरी पुंगळी काढली. तिला दोन खळ्या.

मी थांबलो. दोन चुकीच्या आकड्यांनंतर तिसरा घ्यायचा नसतो, आधी कारण शोधायचं असतं. पण कारणाच्या यादीत पहिलं नाव माझंच होतं. खांद्याला खळी म्हणजे चेंबरच्या खांद्याला फुगवटा असू शकतो, रीमर थरथरला असू शकतो, कीस अडकला असू शकतो. विम शेजारी येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही पुंगळ्या उजेडात फिरवल्या.

"चेंबर तुझं आहे," तो म्हणाला. एवढंच.

मी आरशाने चेंबर पाहिलं. गुळगुळीत. मी वितळलेला मिश्रधातू ओतून चेंबरचा साचा काढला, मोजला. बरोबर. पुन्हा मोजला, कारण पहिल्यांदा बरोबर आलेल्या आकड्यावर माझा कधीच विश्वास बसत नाही. तेवढ्यात विम नाक वर करून वास घेत म्हणाला, "शेजारी केक भाजतायत का?"

बार काढताना कानांवर मफ होते, पण नाकावर तर काही नव्हतं. इतका वेळ मी डोळ्यांनीच काम करत होतो. आता वास घेतला आणि मी थेट पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. सत्यनारायणाचा दिवस, कढई गॅसवर, उलथणं फिरतंय.

त्याच वेळी हेन्क आत आला. त्याची वेळ दुपारची ठरली होती. तो सकाळीच आला.

काडतुसं भरायच्या टेबलावर आम्ही काही खात नाही. शिसं असतं, दारू असते. विमचा हा सगळ्यात कडक नियम. हेन्क आणि विम या दोघांच्या देखत मी बरणीतून चिमूटभर रवा घेतला आणि तोंडात टाकला.

उत्तम भाजला होता. एकही दाणा करपलेला नव्हता.

"आजारी आहे का हा?" हेन्कने विमला विचारलं.

मी घरी फोन लावला, हात तेलकट म्हणून स्पीकरवर. खरं म्हणजे तुपकट.

"आई, ओट्यावर निळ्या झाकणाच्या बरणीत रवा होता..."

"होता ना. कच्चाच ठेवला होता तुम्ही. मी भाजून ठेवला."

"तुपात?"

"मग काय पाण्यात भाजतात, श्रीकांतराव? दोन चमचे सढळ हाताने घातलं. कच्चा रवा ठेवतात का कुणी घरात? किडे पडतात."

"आई, इथे किडे पडत नाहीत."

"आता कसे पडतील? भाजला ना मी!"

मी बरणीचं झाकण लावलं.

"ऑफिसात शिरा करताय का?" त्यांनी विचारलं. "साखर आहे का तिथे? दूध घाला बरं, नुसतं पाणी नको. आणि त्या तुमच्या साहेबांना काजू चालतात का ते विचारा."

मी फोन ठेवला. हेन्क माझ्याकडे बघत होता. "ती काय म्हणते?"

इथे मला एक सोपी वाट होती. बाष्प. डच माणसाला बाष्प लगेच पटतं. विम छताकडे पाहत होता आणि छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं. मी सांगितलं. भाजणं सांगितलं, दोन चमचे सांगितले, किडेही सांगितले.

हेन्कने खळी पडलेली पुंगळी उचलून नाकाशी धरली. मग म्हणाला, "माझ्या पुंगळीत तुझ्या सासूने लोणी घातलं."

"लोणी नाही, तूप. लोणी कढवून..."

"जन्मभर गाई पाळल्या आहेत मी. लोणी कढवून काय होतं ते मला शिकवू नकोस." तो माझ्या लेथवर हात टेकून पुढे वाकला. "चेंबर कसं आहे, ते सांग."

प्रश्न बरोबर होता आणि गंमत तिथेच संपली होती. बाहेरून वाचणाऱ्याला तूप म्हणजे विनोद वाटेल. पण चेंबर कोरडं लागतं ते काही उगीच नाही. कोरडी पुंगळी फुगली की भिंतीला पकडून बसते आणि धक्का वाटून घेते. तुपकट पुंगळी घसरते, सगळा धक्का मागे बोल्टवर येतो. आमचा बार हलका होता हे खरं, पण हलका म्हणजे चालून जाईल असं मी कुठल्याही कामात धरत नाही. बोल्ट केसभर मागे दबला असेल तर हेन्कची रायफल गेली, माझं चेंबर गेलं आणि मी पुढची सगळी वर्षं मायक्रोमीटर पुसत बसणार.

खळ्यांचं कारण आता उघड होतं. माझ्या बोटांवरचं तूप पुंगळीच्या खांद्यावर लागलं, खांदा आणि भिंत यांच्यामध्ये अडकलं आणि पितळ फुगत आलं तेव्हा जायला जागा नव्हती. तूप दबत नाही. पितळ दबलं.

मी बोल्ट काढला, पुसला, चेंबर दोनदा धुऊन कोरडं केलं. जुनं गेज आत घातलं. बोल्ट बसवला आणि दांडा एका बोटाने खाली ढकलला. एकाच बोटाने, कारण पूर्ण हाताने ढकललं तर हवं ते उत्तर मिळतं. हेन्क आणि विम दोघेही वाकले होते. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला. पुढे जाईना.

"हं," विम म्हणाला.

"हे 'हं' चांगलं की वाईट?" हेन्कने विचारलं.

"चांगलं," मी म्हटलं. "बोल्ट मिटला असता तर वाईट."

"मग या खळ्या?"

"कोरडी करून पुन्हा बार काढला की जातील." मी हे ठामपणे म्हटलं, कारण कारण माहीत होतं. पण तोपर्यंत माझ्या हातून एकही खळी गेलेली नव्हती, हेही खरं आहे.

रवा हवा होता. माझा रवा विम आता बरणीसकट दाराबाहेर ठेवून आला होता. हेन्क म्हणाला, मी गावात जाऊन आणतो, आणि गाडी काढून गेला. परत आला तो मोठ्या ऐटीत, आणि खोकं टेबलावर ठेवलं. विमने चष्मा लावून वाचलं.

"हे पुडिंगचं आहे. व्हॅनिला."

"रवा आहे ना त्यात?"

"साखर पण आहे. दुधाची पूडही आहे."

हेन्कने खोकं परत घेतलं. जाताना दारात मला म्हणाला, "तुझ्या सासूला यातलं काही सांगायचं नाही."

दुसऱ्या खेपेला त्याने साधा ग्रिसमेल आणला. खळी पडलेली पहिली पुंगळी मी आतून बाहेरून पुसली, हातमोजे घातले, भरली, बार काढला. वर्कशॉपात फक्त दारूचा वास आला. पुंगळी बाहेर काढून मी स्वतः न बघता हेन्कच्या हातात दिली. आपला जाडजूड अंगठा त्याने खांद्यावरून फिरवला, एक पूर्ण फेरा. मग उलटा एक फेरा. मग विमकडे दिली.

"गेली," हेन्क म्हणाला.

बाकीच्या पुंगळ्या तिथेच उभा राहून त्याने करवून घेतल्या. प्रत्येकीवर अंगठा फिरवला. साठाव्या पुंगळीनंतर विमने लेथवरचा कापडी झगा, जो चेंबर कापताना तो घालायचा, काढून माझ्या खुंटीला अडकवला. मला तो गुडघ्याच्या खाली येतो. माधवीने खालून वीतभर दुमडून दिला आहे.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, शिरा कसा झाला होता. मी म्हटलं, रव्याला खळी पडली होती. त्या म्हणाल्या, मग दूध कमी पडलं असणार.

या धंद्याची एक खंतही सांगून ठेवतो. नवीन नेमबाज आता अशा भानगडीत पडत नाहीत. कारखान्याची काडतुसं इतकी चांगली झाली आहेत की पीटसारखा माणूस खोकं उघडतो आणि जिंकतो. ज्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खांद्याचे कोन आखले जातात असे हेन्क आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि सगळ्यांचे गुडघे दुखतात. मी हे काम शिकलो तेव्हा ते संपत आलेलं होतं. टूलरूमचंही माझ्या बाबतीत असंच झालं होतं. मी कुठेही उशिराच पोचतो, पण मोजून पोचतो.

तर हेन्कने त्या वर्षी पीटला हरवलं. थोडक्यात, पण हरवलं. पीट त्या रात्री बहिणीकडे जेवायला गेला नाही, असं हेन्कने मला तीनदा सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात पीट आमच्याकडे आला. गोलमटोल, हसरा माणूस; हेन्कने सांगितलेल्यापैकी त्याच्यात काहीच दिसेना. त्याने रायफल काउंटरवर ठेवली. "हेन्कसारखंच करून दे," तो म्हणाला. "चाळीस अंश. विचारलंय मी त्याला, रीमर वापर म्हणतो. पुंगळ्या मी शोधून आणल्यात. ज्याने त्याचं कापलं त्यानेच कापायचं."

हेन्क इतक्या उदारपणे रीमर देतो याचं मला आश्चर्य वाटलं. ते संध्याकाळपर्यंतच टिकलं. विम निघून गेल्यावर हेन्क मागच्या दाराने आला.

"पीटचं तू कापणार ना?"

"हो."

"जरा सैल ठेव."

"काय?"

"चेंबर. जरासं. कुणाला कळणार आहे?"

"सैल चेंबरात पुंगळी बुडाशी ताणते, हेन्क. पुढे कधीतरी तुटते. पीटच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तुटते."

"तेवढं नको. त्याच्या चेहऱ्याला काही होता कामा नये, बायको मला घराबाहेर काढेल. जरासंच."

"जरासं म्हणजे किती?"

"म्हणजे... जरासं."

"आकडा सांग. मिलिमीटरमध्ये. मी आकड्याशिवाय काही कापत नाही."

हेन्कने तोंड उघडलं, विचार केला, मिटलं. ज्या माणसाने खांद्याचा कोन अंशाअंशाने ठरवला, त्याला लबाडीचा आकडा सांगता येईना. "तू फार कंटाळवाणा माणूस आहेस," तो म्हणाला आणि आला तसा मागच्या दाराने गेला.

पीटचं चेंबर मी हेन्कच्याइतकंच कापलं. पुढल्या स्पर्धेत पीट जिंकला, आणि चांगला जिंकला. हेन्क त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकला नाही. तेलाची बाटली घ्यायलाही तो दुसऱ्या गावी जातो, असं कानावर आलं. विम म्हणाला, "गेलं गिऱ्हाईक." मी मायक्रोमीटर पुसत राहिलो. आत कुठेतरी वाटत होतंच, की याला नकार देऊन आपण काय मिळवलं.

मग एका सकाळी हेन्क समोरच्या दाराने आला. लांबट खोकं काखेत. विमला नमस्कार नाही, हवामान नाही. सरळ माझ्या टेबलापाशी.

"पीटचं चेंबर कितीवर ठेवलं होतंस?"

मी आकडा सांगितला.

"आणि माझं?"

मी तोच आकडा सांगितला.

"शतांशाचाही फरक नाही?"

"नाही."

त्याने विमकडे पाहिलं. विम खिडकीबाहेर पाहत होता. हेन्कने खोकं उघडलं. आत कोरी नळी, अजून कारखान्याच्या तेलातली.

"म्हणजे माझाच नेम चुकला," तो म्हणाला आणि नळी माझ्यापुढे ठेवली. "ही पण तूच काप."